व्यवहार, वहिवाट आणि राष्ट्रीय संस्कृती

परदेशी व्यापाऱ्यांचा स्वभाव आणि त्यांच्याशी करावयाचा व्यवहार यांचा गांभीर्याने विचार करणारा जो एक जुना मराठी ग्रंथ आज आपल्या हाती आहे, तो करवीर राज्याच्या छायेत निर्माण झाला, ही गोष्ट कोल्हापूरच्या कारखानदारांनी आणि व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनी विसरता कामा नये. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त साहुकारांचा आणि टोपीकरांचा विचार स्वतंत्रपणे केलेला आढळतो. साहुकार हे राज्याचे भूषण, त्यांना परमुलखांतून आणून पेठा वसवून द्याव्या, त्यांचा मान राखावा, असे मोकळ्या मनाने सांगणारे अमात्य इंग्रज, फिरंगी, वलंदेज, फरासीस या टोपीकरांपाशी येताच सावध होतात. कारण हेही लोक व्यापारच करतात हे खरे असले, तरी त्यांतील प्रत्येकाच्या पाठीशी एकेक राजा उभा आहे, हातची जागा सोडावयाची नाही हा त्यांचा बाणा आहे, आणि म्हणून त्यांना वखारीस जागा द्यावयाचीच झाली तर ती समुद्रकिनाऱ्यापासून दूर, मुलखाच्या आत द्यावी, अशी अमात्यांची मसलत आहे. व्यापारी हा नुसता माल घेऊन येत नाही, तो आपल्या देशाची राज्यव्यवस्था, तिथल्या मानापमानाच्या कल्पना आणि वचनाविषयीची समजूतही बरोबर आणतो, हे या मसलतीच्या मुळाशी असलेले तत्त्व आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच प्रश्न ‘राष्ट्रीय संस्कृती आणि आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन’ या नावाने जगभरच्या विद्यापीठांत शिकविला जाऊ लागला.

आज हा प्रश्न कोल्हापूरकरांना ग्रंथांतच भेटतो असे नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींत मिळून ज्या सुमारे तीनशे फौंड्र्या चालतात, त्यांपैकी अनेकींचे ओतकाम प्रत्यक्ष किंवा पुण्याच्या मोठ्या कारखान्यांमार्फत युरोप-अमेरिकेपर्यंत जाते. कागलच्या पंचतारांकित वसाहतीत इटालियन भागीदारीतून उंची सुती कापडाचा कारखाना उभा राहिला. आणि २०२५ साली तर इथल्या चर्मकारांच्या घाटाची चप्पल मिलानच्या व्यासपीठावर पोहोचून एका आंतरराष्ट्रीय वादाचा विषय झाली. अशा वेळी संस्कृती व्यवहारावर नेमका कसा आणि कितपत परिणाम करते, याविषयी शास्त्राने काय सांगितले, त्यातले काय टिकले आणि आपल्या अनुभवाची त्यात कोणती भर पडते, याचा आढावा घेणे अगत्याचे आहे. माझे मत आरंभीच नमूद करतो: संस्कृतीचा प्रभाव खरा आणि खोल आहे, परंतु तो राष्ट्रांच्या स्वभावचित्रांत शोधण्यापेक्षा रोजच्या कामाच्या वहिवाटींत शोधावा, कारण स्वभावचित्रापुढे माणूस हताश होतो, वहिवाट मात्र ओळखता येते, तपासता येते आणि बदलताही येते.

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया अमेरिकन मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी घातला, असे म्हणावयास हरकत नाही. १९५९ च्या ‘द सायलेंट लँग्वेज’ आणि १९७६ च्या ‘बियाँड कल्चर’ या ग्रंथांतून त्यांनी दाखविले की, काही समाजांत आशयाचा बहुतेक भार उच्चारलेल्या व लिहिलेल्या शब्दांवर असतो, तर काही समाजांत तो प्रसंग, नाते, पूर्वपरिचय आणि मौन यांवर सोपविलेला असतो. त्याचप्रमाणे काही समाज एका वेळी एकच काम हाती घेऊन घड्याळाशी बांधलेले असतात, तर काही समाजांत अनेक कामे आणि अनेक माणसे एकाच वेळी सांभाळली जातात. आपल्याकडील जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून बैलाची किंमत ठरविणारे दोन व्यापारी ज्याने पाहिले आहेत, त्याला हॉल यांच्या पहिल्या सिद्धांतासाठी वेगळे उदाहरण शोधावे लागणार नाही. भोवती माणसांचा गराडा असतो, तोंडाने कुशलवार्ता चाललेली असते, आणि सौदा मात्र उपरण्याखाली पुरा झालेला असतो.

हॉल यांनी जे निरीक्षणाने सांगितले ते मोजून दाखविण्याचा प्रयत्न डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड यांनी केला. आयबीएम कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील नोकरवर्गाकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावलींच्या आधारे त्यांनी १९८० साली ‘कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि राष्ट्राराष्ट्रांतील भेद चार मापांनी मांडले: वरिष्ठ-कनिष्ठांतील अधिकारांतर समाजाला कितपत मान्य आहे, व्यक्ती स्वतंत्र आहे की समूहाशी बांधलेली आहे, स्पर्धा व यश यांना किती महत्त्व आहे, आणि अनिश्चिततेची धास्ती किती वाटते. पुढे दीर्घकालीन दृष्टी व सुखोपभोगाची मुभा ही आणखी दोन मापे त्यांत आली. त्यांच्या मूळ कोष्टकात अधिकारांतराच्या बाबतीत भारताला ७७, जपानला ५४, अमेरिकेला ४० आणि जर्मनीला ३५ गुण आहेत; अनिश्चिततेच्या धास्तीत जपान ९२, जर्मनी ६५ आणि भारत अवघा ४० वर आहे; व्यक्तिस्वातंत्र्यात अमेरिकेचे ९१ तर भारताचे ४८ गुण आहेत. आकडे मुखोद्गत करण्यास सोपे असल्यामुळे असेल, किंवा व्यवस्थापनाच्या वर्गात शिकविण्यास सोयीचे असल्यामुळे असेल, हे कोष्टक जगभर पसरले, आणि आजही या विषयावरील बहुतेक पाठ्यपुस्तके त्याच्यापासून आरंभ करतात.

त्यानंतरच्या मोठ्या प्रयत्नांत फॉन्स ट्रॉम्पेनार्स यांचे १९९३ चे ‘रायडिंग द वेव्ह्ज ऑफ कल्चर’ आणि रॉबर्ट हाउस यांच्या नेतृत्वाखाली ६२ समाजांतील सतरा हजारांवर व्यवस्थापकांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेला ‘ग्लोब’ प्रकल्प यांचा निर्देश करावयास हवा. परंतु आपल्या दृष्टीने या सर्वांहून अधिक मोलाचे काम पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी केले, असे मला वाटते. १९८० साली मांडलेल्या आपल्या सिद्धांतात त्यांनी म्हटले की, भारतीय कनिष्ठ हा वरिष्ठाकडून निव्वळ हुकमाची अपेक्षा करीत नाही आणि समान पातळीवरच्या चर्चेने तो प्रारंभी बावरून जातो. त्याला असा वरिष्ठ हवा असतो जो त्याच्या घरच्या अडचणीची विचारपूस करील, मायेने वागवील, पण ती माया चोख कामाच्या अटीवर देईल, आणि कनिष्ठ तयार होत जाईल तसतसा स्वतःचा हात मागे घेऊन त्याला निर्णयाचा अधिकारही देत जाईल. पाश्चात्त्य मापांनी जिथे फक्त अधिकारांतराचा मोठा आकडा दिसला, तिथे सिन्हांना एक जिवंत नाते दिसले, आणि त्या नात्यातून कार्यक्षमता कशी घडविता येईल हेही दिसले. याउलट टोकाची भूमिका थिओडोर लेव्हिट यांनी १९८३ साली मांडली होती. दळणवळणाच्या साधनांनी जगाच्या आवडीनिवडी एक होत चालल्या असून यापुढे प्रमाणित माल सर्वत्र सारखाच विकला जाईल, हे त्यांचे भाकीत मालाच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरे ठरले. माल घडविणाऱ्या माणसांच्या बाबतीत मात्र ते तितकेसे खरे ठरले नाही.

हॉफस्टेडप्रणीत पद्धतीवरील आक्षेपही तितकेच वजनदार आहेत. २००२ साली ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी विचारले की, एकाच कंपनीच्या नोकरांची उत्तरे एका संबंध राष्ट्राची उत्तरे कशी मानावयाची, आणि राष्ट्राच्या सीमेत एकच संस्कृती नांदते हे गृहीत तरी कोणत्या आधारावर धरावयाचे? पुढे २०१६ साली वासिल तारास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांची एकत्र छाननी करून दाखविले की, मूल्यांतील भिन्नतेपैकी सुमारे ८० टक्के भिन्नता देशादेशांत नसून देशांच्या आतच, म्हणजे व्यवसाय, वर्ग, शिक्षण, पिढी यांच्यामध्ये आढळते. ही गोष्ट पटण्यासाठी कोल्हापूरच्या बाहेर जाण्याची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेल्या शाहूपुरीतील गुळाचा अडत्या, शिवाजी उद्यमनगरातील लेथवर वाढलेला मिस्त्री, इचलकरंजीचा यंत्रमागधारक आणि ‘गोकुळ’ दूध संघाला दूध घालणारी करवीर तालुक्यातील शेतकरी स्त्री यांना एकाच भारतीय गुणांकात कसे बसवावयाचे? सहकारी संस्थांच्या बळावर ज्या जिल्ह्याने आपले अर्थकारण उभे केले, त्याच जिल्ह्यात म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या माणसांनी कोणाच्या आश्रयाला न राहता यंत्रे घडविण्याची परंपरा निर्माण केली; तेव्हा हा समाज समूहनिष्ठ की व्यक्तिनिष्ठ, या प्रश्नाला ४८ हा आकडा उत्तर देऊ शकत नाही. दूध संघात तो समूहनिष्ठ असतो आणि स्वतःच्या शेडमध्ये कमालीचा स्वतंत्र असतो.

तर मग संस्कृती व्यवस्थापनात प्रकट होते ती कोठे? माझ्या समजुतीप्रमाणे ती तीन ठिकाणी प्रकर्षाने प्रकट होते: वाईट बातमी वर कशी पोहोचते, मुदत कशी दिली जाते, आणि करार कशावर टिकतो.

पहिल्या गोष्टीसाठी फौंड्रीतील एक नेहमीचा प्रसंग जवळून पाहू. जर्मन ग्राहकाकडे गेलेल्या ओतीव भागांपैकी काहींत यंत्रण करताना आत वायूच्या पोकळ्या सापडतात, ज्यांना फौंड्रीत सर्वजण ब्लो होल म्हणतात. ग्राहकाकडून तक्रार येते आणि तिच्याबरोबर आठ टप्प्यांच्या अहवालाचा नमुना येतो, ज्यात एकामागून एक पाच वेळा ‘का’ असा प्रश्न विचारून मूळ कारण शोधावयाचे असते. इकडून पहिला अहवाल जातो तो बहुधा असा: कारण, कामगाराचे दुर्लक्ष; उपाय, संबंधित कामगारास समज दिली. हा अहवाल तिकडून परत येतो, दुसऱ्यांदा परत येतो, आणि इथल्या व्यवस्थापकाला वाटू लागते की, ग्राहक आपल्यावर अविश्वास दाखवीत आहे. जर्मन अभियंत्याला वाटते की, ही माणसे प्रश्न टाळीत आहेत. वस्तुतः दोघेही प्रामाणिक असतात. आपल्या वहिवाटीत चूक ही माणसाची असते, तिचे प्रायश्चित्त माणसाने घ्यावयाचे असते, आणि कर्त्या माणसाने चारचौघांत त्याची शोभा न करता त्याला बाजूला घेऊन समजाविले की प्रकरण मिटते; त्यांच्या वहिवाटीत चूक प्रक्रियेची असते, आणि माणूस बदलला तरी ती पुन्हा घडेल असे गृहीत धरून प्रक्रियाच दुरुस्त करावयाची असते. शेवटी कोणी तरी रात्रपाळीच्या मोल्डरपाशी जाऊन निवांत विचारतो, तेव्हा उलगडते की, पावसाळा लागल्यापासून वाळूत ओल जास्त राहते, रात्री ओलीची चाचणी नियमाने होत नाही, साच्यातून वायू बाहेर पडण्यास वाट पुरत नाही, आणि ही गोष्ट त्याने फोरमनच्या कानावर घातलीही होती. पण साहेबांपर्यंत ती न्यावी असे फोरमनला वाटले नाही, कारण वर तक्रार नेणे म्हणजे आपल्या हाताखालचे काम आपल्याला सांभाळता येत नाही अशी कबुली देणे होय.

अधिकारांतराचा ७७ हा आकडा प्रत्यक्षात कसा दिसतो, तर असा दिसतो: ज्ञान खाली असते, निर्णय वर असतो, आणि मधला जिना मानापमानाने अडलेला असतो. परंतु याच प्रसंगात उपायही दडलेला आहे. रात्रपाळीच्या मोल्डरला सभेत उभे करून बोलावयास लावल्याने तो बोलत नाही, मालक स्वतः भट्टीपाशी जाऊन, चहा घेत, “वाळूचं कसं चाललंय?” असे विचारतो तेव्हा तो मोकळेपणाने बोलतो. ज्या कारखान्यांनी ही विचारपूस नियमित केली आणि तिच्यातून निघालेली गोष्ट त्याच दिवशी कोष्टकात नोंदविण्याचा शिरस्ता पाडला, त्यांनी सिन्हांचा मायाळू पण चोख वरिष्ठ आणि जर्मनांचा प्रक्रियानिष्ठ अहवाल यांची सांगड घातली. त्यासाठी कोणालाही आपला स्वभाव सोडावा लागला नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. समोर बसलेल्या ग्राहकाला तोंडावर नकार देणे आपल्याकडे उर्मटपणाचे मानले जाते, त्यामुळे नमुन्याचे भाग सहा आठवड्यांत मिळतील का, या प्रश्नाला पॅटर्न तयार व्हावयालाच चार आठवडे लागणार हे ठाऊक असूनही होकार दिला जातो. त्या होकारात फसवणुकीचा हेतू नसतो, पराकाष्ठा करण्याची तयारी असते. परदेशी ग्राहक मात्र त्या तारखेवर आपल्या जुळणीचे सगळे वेळापत्रक उभे करतो. त्याला विलंबाचा राग येतो त्याहून अधिक राग विलंबाची वार्ता शेवटच्या दिवशी कळल्याचा येतो. शिवाय दोन्हीकडची पंचांगे वेगळी असतात. इकडे गौरी-गणपती, खंडेनवमीला यंत्रांची पूजा, दिवाळी आणि गावोगावच्या म्हाया, ज्या दिवशी कामगार पाहुण्यांना जेवू घालण्यासाठी गावी जाणार म्हणजे जाणारच. तिकडे ऑगस्टची दीर्घ सुटी, ज्या काळात इटलीतून पत्रांना उत्तरही येणे कठीण, आणि नाताळचे पंधरा दिवस. वर्षारंभीच दोन्ही पंचांगे समोरासमोर ठेवून वेळापत्रक आखले, तर संस्कृतिसंघर्ष म्हणून ज्याची वर्णने केली जातात त्यांतील कितीतरी भाग आपोआप नाहीसा होतो.

तिसरी गोष्ट कराराची. शाहूपुरीच्या पेठेत अडत्या आणि गूळ उत्पादक यांचे संबंध पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. हंगामापूर्वी उचल द्यावयाची, लग्नकार्याला मदत करावयाची, आणि माल त्याच दुकानी यावयाचा, ही साखळी वहीतील नोंदीपेक्षा शब्दावर आणि लौकिकावर टिकलेली असते. त्याच मुशीत वाढलेला कारखानदार परदेशी ग्राहकाच्या अभियंत्याने फोनवर सुचविलेला बदल, सुधारित खरेदीपत्राची वाट न पाहता, संबंध जपावा म्हणून करून देतो. आणि पुढे बिलाच्या वेळी ग्राहकाचा खरेदी विभाग तो बदल आपल्या दप्तरी नाही असे सांगतो, तेव्हा त्याला विश्वासघात झाल्यासारखे वाटते. वस्तुतः तिकडे अभियंत्याचा शब्द आणि कंपनीचा शब्द या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि कागद हा अविश्वासाचा पुरावा मानला जात नाही. माणसे बदलली तरी वचन टिकावे म्हणून केलेली ती तजवीज असते. उलटपक्षी आपल्या पद्धतीतही एक बळ आहे, ज्याची जाणीव ग्राहकाला अडचणीच्या दिवसांत होते. करारात नसलेली निकड उद्भवली, तर रात्रीचा दिवस करून भट्टी चालविणारा पुरवठादार कलमांनी निर्माण होत नाही. अरब देशांत आणि जपानमध्ये ज्यांनी व्यापार केला आहे, त्यांना हे संबंधाचे बळ अधिक लवकर ओळखू येते.

कोल्हापूरच्या परिसरातून वर आलेल्या मोठ्या उद्योगसमूहांचा इतिहासही या प्रश्नावर प्रकाश टाकतो. १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर जी वसाहत स्थापन केली, तिच्यातून वाढलेल्या घराण्याने पुढे अमेरिकन आणि जपानी अशा दोन्ही भागीदाऱ्या अनुभवल्या. १९६२ साली पुण्यात सुरू झालेल्या किर्लोस्कर-कमिन्स कंपनीच्या आरंभकाळातील अडचणींवर जॅक बॅरॅन्सन यांनी १९६७ साली लिहिलेला अभ्यास आजही उद्बोधक आहे. कारण त्यात दिसते की, परदेशी आराखड्याबरहुकूम इंजिन बनविण्यातील अडथळे मुख्यतः कच्च्या मालाचा दर्जा, सुटे भाग पुरविणाऱ्यांची अपुरी तयारी आणि आयातीवरील निर्बंध यांचे होते. जे दोष धातूचे आणि धोरणाचे होते ते स्वभावाच्या माथी मारले असते, तर ते कधीच दूर झाले नसते. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या टोयोटा किर्लोस्करचा अनुभव वेगळा आहे. बंगळूरजवळच्या बिडदी येथील त्या कारखान्यात २००६, २०१४ आणि २०२० साली संप अथवा टाळेबंदीचे प्रसंग आले. जपानमध्ये कामगार संघटना ही कंपनीच्या कुटुंबातली मानली जाते, तर भारतात संघटनेचा वारसा राजकीय चळवळीचा आणि हक्कांच्या लढ्याचा आहे. शिस्त, कामाची गती आणि वाटाघाटी यांविषयीच्या दोन प्रामाणिक कल्पना तिथे समोरासमोर आल्या. कंपनीने २००७ साली ग्रामीण मुलांसाठी तंत्रशिक्षणसंस्था काढली, तेव्हा शिस्त ही आज्ञेने लादण्याऐवजी शिक्षणाने रुजवावी लागते हे तत्त्व तिने ओळखले, असे म्हटले पाहिजे.

याच्या उलट दिशेचे उदाहरण भारत फोर्जचे. कराडजवळच्या कोळे गावाशी नाते सांगणाऱ्या कल्याणी घराण्याच्या या कंपनीने २००४ च्या आरंभी जर्मनीतील कार्ल डान पेडिंगहाउस ही जुनी फोर्जिंग कंपनी विकत घेतली, आणि तेथील व्यवस्थापन प्रामुख्याने जर्मनांच्याच हाती ठेवून पुण्याच्या व एन्नेपेटालच्या कारखान्यांत कामाची विभागणी केली. मालकी मिळाल्याबरोबर आपली वहिवाट तिथे नेण्याचा मोह या मराठी उद्योगपतींनी टाळला. हाच मोह ज्यांना टाळता आला नाही त्यांची उदाहरणे जगात थोडी नाहीत. १९९८ साली समान दर्जाचे मीलन म्हणून गाजलेले डाइमलर आणि क्रायस्लर यांचे एकत्रीकरण २००७ मध्ये मोडले. १९९७ मध्ये जर्मनीत शिरलेली वॉलमार्ट कंपनी, आपल्या अमेरिकन दुकानांतील हसतमुख स्वागताची आणि सामूहिक घोषणांची रीत तिथल्या नोकरांना व ग्राहकांना पटवू न शकता, इतर तोट्यांसह २००६ मध्ये तेथून बाहेर पडली. धनबलाने कारखाना विकत घेता येतो, त्यातील माणसांची वहिवाट विकत घेता येत नाही.

कोल्हापुरी चपलेच्या प्रकरणात हा प्रश्न आणखी खोलवर जातो. कारण तिथे स्वामित्वाची कल्पनाच दोन संस्कृतींत भिन्न असल्याचे दिसून आले. बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेले कातडे, खिळा न मारता चामड्याच्या वादीने शिवलेला तळ, दोन्ही बाजूंचे कान, अंगठा, आणि घरातील बायकांनी बारीक पट्ट्यांची विणलेली वेणी, असा या वस्तूचा घाट कोणा एका कलावंताच्या नावावर नाही. तो महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवरील चर्मकार समाजाच्या अनेक पिढ्यांचा आहे, आणि म्हणूनच २०१९ साली त्याला मिळालेले भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या चार जिल्ह्यांचे संयुक्त आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात याच घाटाच्या चपला नुसत्या चामडी सँडल म्हणून, मूळ स्थानाचा उल्लेख न करता, मांडल्या, तेव्हा इथे संतापाची लाट उसळली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीस पत्र लिहिले. प्राडाचे अधिकारी लोरेंझो बर्तेली यांच्या वतीने आलेल्या उत्तरात भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य करण्यात आले. जुलैमध्ये कंपनीचे पथक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटले. आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने या विषयावरील जनहित याचिका फेटाळताना, दाद मागण्याचा अधिकार मानांकनाच्या नोंदणीकृत धारकांचा आहे ही बाब पुढे आणली. डिसेंबरात महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ, कर्नाटकाचे लिडकर महामंडळ आणि प्राडा यांच्यात सामंजस्य करार झाला, व सुमारे दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करवून घेऊन प्रत्येकी ८०० युरोंच्या आसपास विकण्याची योजना जाहीर झाली.

या प्रकरणाकडे केवळ चोरी आणि पश्चात्ताप या दृष्टीने पाहणे पुरेसे नाही. युरोपीय सौंदर्यव्यवसायात कल्पना ही नामांकित व्यक्तीची असते आणि परंपरा ही सर्वांना खुली असलेली सामग्री मानली जाते. आपल्याकडे परंपरा हीच समाजाची मालमत्ता असते, आणि व्यक्ती तिची केवळ राखणदार असते. विशेष म्हणजे चीज आणि मद्य यांच्या स्थाननामांचे जतन करण्यात इटलीइतका कडवेपणा फार थोड्या देशांनी दाखविला आहे. म्हणजे सामूहिक स्वामित्वाची कल्पना तिकडे अपरिचित नव्हती, ती चपलेला लागू पडते हे तेवढे कोणी त्यांच्या ध्यानात आणून दिले नव्हते. ते ध्यानात आले ते संतापामुळे आले हे खरे. परंतु संतापाला पत्राचे, पत्राला मानांकनाच्या नोंदीचे आणि नोंदीला कराराचे अधिष्ठान मिळाले, म्हणूनच संताप फुकट गेला नाही. यापुढची कसोटी अशी की, ८०० युरोंपैकी किती वाटा वेणी विणणाऱ्या बाईच्या हाती पडतो, आणि हाताने केलेल्या वस्तूत स्वाभाविक असणारा किंचित फरक हा परदेशी तपासनीस दोष मानतो की गुण मानतो.

संस्कृती म्हणजे जन्माने लाभलेले अटळ प्राक्तन नव्हे, याचे सर्वांत मोठे प्रमाण ज्या जपानकडे आपण गुणवत्तेचा आदर्श म्हणून पाहतो त्याच जपानने दिले आहे. युद्धोत्तर काळात जपानी माल स्वस्त आणि तकलादू म्हणून ओळखला जात असे; १९५० साली अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी तिथे व्याख्याने दिली, पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले, आणि तिथल्या इशिकावा प्रभृती तज्ज्ञांनी त्या परक्या शास्त्राला गुणवत्ता मंडळांचे देशी रूप दिले. आज ज्याला जपानी स्वभाव म्हणून गौरविले जाते, त्याचा मोठा भाग एका पिढीच्या शिक्षणाने घडलेला आहे. तेव्हा “आमच्या माणसांना हे जमावयाचे नाही” असे म्हणणाऱ्या इथल्या व्यवस्थापकाने, आणि “भारतीय असेच असतात” असे म्हणणाऱ्या परदेशी ग्राहकानेही, आपले वाक्य मागे घेतले पाहिजे.

या साऱ्या आढाव्यातून जो निष्कर्ष निघतो तो असा की, आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन करणाऱ्याने मूल्य आणि वहिवाट यांतील विवेक शिकावा. वडीलधाऱ्यांचा मान हे मूल्य आहे, वाईट बातमी दडपणे ही वहिवाट आहे. अतिथीचा सत्कार हे मूल्य आहे, अशक्य मुदतीला होकार देणे ही वहिवाट आहे. दिलेला शब्द पाळणे हे मूल्य आहे, तो कागदावर न आणणे ही वहिवाट आहे. यांतील प्रत्येक जोडीत दुसरीला सोडून पहिलीला जपता येते, एवढेच नव्हे तर दुसरी सोडल्यानेच पहिली परदेशी माणसाच्या प्रत्ययास येते. हॉफस्टेडचे कोष्टक कोठे अडचण येण्याचा संभव आहे हे सुचविण्यापुरते उपयोगी आहे. अडचण प्रत्यक्षात कोठे आहे हे शॉप फ्लोअरवरच कळते.

आणि म्हणून एक गोष्ट आग्रहाने मागावीशी वाटते. परत आलेले अहवाल, हुकलेल्या मुदती, टिकलेले आणि तुटलेले करार यांचे दप्तर आपल्या कारखान्यांत पडून आहे. त्याचा कोल्हापूरच्या माणसांनी, कोल्हापूरच्या भाषेत, प्रामाणिकपणे लिहिलेला अभ्यास उपलब्ध झाला पाहिजे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्र शिकविले जाते आणि परकीय भाषांचाही विभाग आहे; या दोन विभागांतील विद्यार्थ्यांनी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक संघटनांशी सहकार्य करून, मोल्डरपासून मालकापर्यंत सर्वांच्या मुलाखती घेऊन, असे दप्तर अभ्यासले, तर आपल्याला दुसऱ्यांच्या कोष्टकात स्वतःचा गुणांक शोधीत बसावे लागणार नाही, आणि परदेशी ग्राहकासमोर बसणाऱ्या पुढच्या पिढीतील अभियंत्याला दोन्ही वहिवाटी समजून, कोणाचाही पाणउतारा न करता, व्यवहार पुरा करता येईल.